मळ्या दगड सोडत नाही

वारज्याच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, ऐन जिन्यात, दोन बादल्या असतात. वर पाटी : 'हे पाणी शिळे केले आहे. कृपया ताजे करू नये.' ऑफिसातून दमून आल्यावर रोज माझा पाय त्यातल्या एकीला लागतो. रोज समोरचं दार उघडतं आणि भोकरेकाका विचारतात, "सांडलं का?" माझा पाय दुखला का, हे आठ वर्षांत त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

काका खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरात ते आणि मळ्या. मळ्या हा बोटभर लांबीचा, शेवाळी रंगाचा, दिसायला अगदीच सुमार मासा. वाहत्या पाण्यात दगडाला पोटाने चिकटून बसायचं आणि त्यावरचं शेवाळ खायचं, एवढाच त्याचा उद्योग. नळाच्या पाण्यातलं औषध त्याला सोसत नाही, म्हणून पाणी दोन दिवस शिळं करायचं. साचलेलं पाणीही चालत नाही, म्हणून काकांनी हॉलमधल्या टबाला कूलरचा पंप जोडून घरात नदी वाहती केली आहे. ती माझ्या भिंतीला लागून चोवीस तास खळखळते आणि मला सारखं बाथरूमला जावंसं वाटतं.

"अहो शेजारी," काका म्हणतात (माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही), "आमच्या लहानपणी मुठा नदीत उभं राहिलं की हे मासे पायाला लुचायचे. आता तुम्ही उभं राहून दाखवा." मी दाखवत नाही. पुलावर आलो की मी गाडीची काच वर करतो. हा मळ्या त्यांना पूर ओसरल्यावर नदीपात्रातल्या एका डबक्यात अडकलेला सापडला होता. जेवणाचा डबा रिकामा करून त्यातून त्यांनी तो घरी आणला.

गेल्या महिन्यात काका जिन्यात पडले. बादलीलाच अडखळून. मला थोडं बरं वाटलं आणि मग दिवसभर लाज वाटली. हडपसरहून मुलगा आला. तोही माझ्यासारखाच थकलेला.

"बाबा, आता माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे टँकरचं पाणी. त्यात हा जगणार नाही."

"मग त्याला चांगल्या पाण्यात सोडा आणि या."

काकांनी टबाकडे पाहिलं. मळ्या मार्गी लागला की येतो, असा त्यांनी शब्द दिला.

त्याला मार्गी लावण्यात माझा रविवार गेला. पानशेतच्या वर एक ओढा आहे, तिकडे निघालो. काकांच्या मांडीवर बादली, बादलीत दगड, दगडाला मळ्या. वाटेत ते एकदाच बोलले. "हडपसरला सगळे सकाळी कामावर जातात. मग दिवसभर मी आणि लिफ्टचा आवाज."



ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून काकांनी दगड अलगद तळाशी ठेवला. मळ्या हलेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझी कंबर धरली. आणि मग तो सुटला, शेजारच्या मोठ्या दगडाखाली गेला आणि दिसेनासा झाला. मी पाहिलं. काकांनीही पाहिलं.

ते बराच वेळ तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी तोच दगड उचलून बादलीत ठेवला, वर ओढ्याचं पाणी भरलं आणि बादली मांडीवर घेऊन गाडीत बसले.

रेंज आल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला. "नाही रे, दगड सोडत नाही तो. परत आणतोय. अजून थोडे दिवस राहावं लागेल मला इथे." फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेजारी, जरा हळू घ्या. त्याला हादरे सोसत नाहीत."

मी वारज्यापर्यंत एकेक खड्डा चुकवत, वीसच्या वेगाने गाडी आणली.