अण्णाकाकांचं दही

फाल्गुन सरत आला की आमचे अण्णाकाका दह्याचा डबा घेऊन तलावावर जातात. उत्तरेला परत निघालेल्या बदकांसाठी! काठावर चमचाभर दही ठेवतात, हात जोडतात नि म्हणतात, "या हं पुन्हा." बदकं ढुंकूनही बघत नाहीत. दही तिथला कुत्रा खातो. तो हल्ली चांगला गुटगुटीत झालाय.

काका आमचे देवासचे शेजारी. काकू गेल्यापासून एकटेच असतात. हे काय चाललंय, असं मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच उखडले. "प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवतात, एवढंही आईनं शिकवलं नाही तुला?"

"पण काका, ते बदक आहे."

"म्हणून तर काठावर ठेवतो. त्याला हात कुठायत?"



यंदा धारच्या मित्रांनी पैज लावली. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत जास्त जातींचे पक्षी बघेल तो संघ जिंकला. हरणाऱ्यांनी दाल-बाफले, म्हणजे आमच्या माळव्यातल्या तुपात बुडवलेल्या बट्ट्या नि डाळ, खिलवायचे. पक्षी संघातल्या तिघांनीही पाहिला तरच धरायचा. आमच्यात मी, काका आणि गाडी चालवायला विकी. माझी नेमकी धारलाच बदली झालेली, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिथे हरून जायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

काकांची नजर भारी तेज. पण बागलीच्या रस्त्यावर पळसावर भोरड्यांचा थवा दिसला, की हे डबा घेऊन खाली. धोबी पक्षी दिसला, दही. थापट्या बदक दिसलं, दही. चिमणी दिसली तेव्हा मात्र जागचे हलले नाहीत. "ती कुठे निघालीय? इथलीच आहे."

विकी वैतागून मला म्हणाला, "दीदी, काका पंछी देखने आए हैं कि भंडारा करने?" मला तरी कुठे काय कळत होतं!

उन्हं कलली तेव्हा धारहून फोन आला. बरोबरी! आता एकच पक्षी हवा होता. आणि तलावावर पोचतो तो काय, पाण्याकडेला पट्टकादंब! डोक्यावर काळे पट्टे असलेला हा हंस. त्याचा थवा कधीच हिमालयाकडे गेलेला. मी पाहिला, विकीनं पाहिला. काका गाडीतच चष्मा पुसत बसलेले.

"काका, लवकर! हंस आहे, एकटाच!"

"एकटा?" त्यांनी आधी डबा उघडला. "अगं, दही संपलंय!"

"दही राहू द्या हो, वर बघा!"

पण सत्तरीचा माणूस समोरच्या डेअरीकडे पळत सुटलासुद्धा. दह्याचं कुल्हड घेऊन धापा टाकत परतले, तोवर हंस उडून गेला होता आणि दिवसही मावळला होता. धारवाल्यांना तेवढ्यात एक पक्षी जास्त मिळाल्याचा मेसेजही येऊन पडला.

मी भडकलेच. "काका, नुसती मान वर करायची होती!"

काका रिकाम्या आभाळाकडे बघत होते. "सुधीर कॅनडाला निघाला तेव्हाही असंच झालं," ते म्हणाले. सुधीर त्यांचा एकुलता मुलगा. "तुझी काकू नव्हती ना, माझ्या लक्षातच राहिलं नाही. दही घेऊन धावत खाली आलो तर गाडी निघून गेलेली. तेव्हापासून आला नाही गं तो. फोन करतो. पण येत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला.  विकी उगाच गाडीची काच पुसायला लागला.

मी उजवा हात पुढे केला. "काका, सोमवारी मीपण निघतेय."

 ते चमचा शोधू लागले. तो सापडेना, तेव्हा बोटानंच माझ्या तळहातावर दही ठेवलं. 

"या हं पुन्हा," ते म्हणाले. मला, लहानपणापासून अगंतुगं करणारे काका!

मी दही चाटून टाकलं. "पुढच्या रविवारी धारवाल्यांना घेऊन येतेच, काका. हरलोय ना आपण, बाफले कोण करणार?"