दिवे गेल्यावर करायची देखभाल

यंत्राची देखभाल यंत्र बंद करूनच करावी, याबद्दल जगातल्या सगळ्या जाणत्यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो ते बंद कोणी करायचे याबद्दल. इजिप्तमधल्या आमच्या दुमियात शहराने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. आमच्याकडे ते काम वीज खाते करते.

उन्हाळ्यात रोज दुपारी तासभर दिवे जातात. बाहेरगावचे लोक याला हाल म्हणतात, आम्ही सुतारगल्लीतले लोक सुरक्षा म्हणतो. कोणाला उठून दारापाशी जाऊन बटण बंद करावे लागत नाही, आणि एका कारखान्याचे नव्हे, अख्ख्या मोहल्ल्याचे काम एका दमात होते. प्रजेच्या बोटांची इतकी काळजी वाहणारे खाते दुसऱ्या देशात असेल असे मला वाटत नाही.

हे मी तटस्थपणे सांगतो आहे. माझे दुकान उस्ता मुतवल्लीच्या कारखान्यासमोर आहे (उस्ता म्हणजे मुरलेला सुतार) आणि मी लाकडाच्या फटी बुजवायची लांबी विकतो. गल्लीतल्या करवती जितक्या तिरप्या, तितकी माझ्या घरची चूल बरी पेटते. त्यामुळे त्यांच्या देखभालीवर माझे बारीक लक्ष असते.

मुतवल्लीकडे चौकटींचे कोपरे कापायची विजेची करवत आहे. खाली फिरती बैठक, वर गोल पाते, मुठीत पिस्तुलासारखा खटका. बैठक ताटासारखी म्हणून इकडे तिला ताटाची करवत म्हणतात. तिच्या निगेचे नियम गल्लीत सर्वमान्य आहेत. पात्यावरचे झाकण काढून भिंतीवर टांगावे, म्हणजे पात्यापासून त्याला इजा होत नाही (मुतवल्लीचे झाकण दहा वर्षांचे आहे, पण काल आणल्यासारखे दिसते). खटका दाबून बोट दुखते, सबब तो चिकटपट्टीने कायमचा दाबून ठेवावा आणि चालू-बंदचे काम दारापाशीच्या बटणावर सोपवावे. कोनांच्या खाचांत बसलेला भुसा काढू नये, कारण तो आता तिथला रहिवासी आहे. आणि दिवे गेल्यावर बटणाला हात लावू नये. जे बंदच आहे ते पुन्हा बंद करणे म्हणजे वीज खात्यावर अविश्वास दाखवणे होय.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर गल्लीत एकेचाळीस उस्ता आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी बोटे आहेत. म्हणजे जवळजवळ पंचाण्णव टक्के झाले. एवढ्या गुणांवर पोरांना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो.

मुतवल्लीची मात्र दहाच्या दहा आहेत. त्या दहांनी तो पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर गुलाब कोरतो, आणि तसे गुलाब शहरात आता कोणी कोरत नाही. मला तो माणूस आवडतो. त्याचे गुलाब पाहिले की माझ्या लांबीच्या डब्यांची मला लाज वाटते.

त्या गुरुवारी हज्जा इन्शिराह मुलाच्या लग्नाचे पलंग, कपाट आणि आरसा न्यायला आली. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा, ट्रकवर ढोल-सनईवाले. आमच्याकडे सामान नवऱ्या मुलाच्या घरी वाजतगाजत जाते. हज्जाने आरशाच्या चौकटीच्या कोपऱ्यात नख घातले. नख आत गेले.

"उस्ता, सून घरात यायच्या आधी या फटीतून झुरळ यायचं."

"हज्जा, लाकूड आहे. श्वास घेतं ते."

"मग तुझ्याच घरात घेऊ दे की! नवीन चौकट कापून दे, नाहीतर ट्रक रिकामा जाईल. आणि सनई वाजत जाईल, गल्लीभर!"

रिकाम्या ट्रकवर सनई वाजली की त्या उस्ताकडे पुन्हा कोणी पलंग सांगत नाही. मुतवल्लीने घाईने करवत चालू केली, आणि तेवढ्यात दिवे गेले. त्याने कृतज्ञतेने छताकडे पाहिले. हीच वेळ कोन जुळवण्याची.

पाते खाली आणून त्याने अडकवले आणि काटकोन तपासायचा गुण्या त्याला लावला. शेजारच्या कारखान्यातून त्याचा मेहुणा बदीर आपला गुण्या घेऊन आला.

"दाजी, तुमचा गुण्या तिरपा आहे."

"माझ्या बापाचा आहे तो!"

"मग बापापासून तिरपा आहे."

कोणीतरी तिसरा गुण्या आणला. त्याने दोघांनाही खोटे ठरवले. मग मते घेण्यात आली. गर्दी वाढली, पंखे बंद, सरसाचा वास, आणि हज्जा पुठ्ठ्याने वारा घेत दर थोड्या वेळाने "झालं का?" विचारत होती. मुतवल्ली "दोन मिनिटं" म्हणत होता (आमच्याकडे दोन मिनिटे हे कालमापन नसून दिलासा आहे). तो गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, पात्याचे दात बोटाने चाचपत होता. घाम डोळ्यांत उतरत होता. कारखान्यात अंधार, रेघ दिसेना. स्क्रू सैल कर, स्क्रू आवळ.

"दाजी, बापाची आठवण म्हणून भिंतीला लावा तो गुण्या!"

"जरा उजेड असता तर..." हज्जा म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि उजेड आला! वीज खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, वेळेच्या आधी. पंखा गरगरला, नळ्या लुकलुकल्या, चहाच्या दुकानातला टीव्ही बोलू लागला, ट्रकवरच्या सनईवाल्याने आपणहून सूर धरला. अख्खी गल्ली ओरडली, "आली! आली!" हज्जाने पंख्याखाली तोंड धरले, "अल्हम्दुलिल्लाह!" मी टाळ्या वाजवल्या.

मग करवतीचा आवाज ऐकू आला.

बापाचा गुण्या उडाला तो थेट भिंतीवरच्या झाकणावर आदळला. दहा वर्षांत त्या झाकणाने अडवलेली ही पहिली वस्तू. बदीरने धावत जाऊन बटण बंद केले नाही, कारण बदीर हलू शकत नव्हता. त्याच्या नाकासमोर मुतवल्लीच्या उजव्या हाताची पाचही बोटे चिमटीसारखी जुळवलेली होती. बापाचा उल्लेख दुसऱ्यांदा झाल्याबरोबर मुतवल्लीने हात पात्यावरून उचलला होता, "थांब, तुला दाखवतो" म्हणायला.

बटण शेवटी हज्जाने बंद केले. मुतवल्ली जमिनीवर बसून बोटांकडे बघत राहिला. मी फार घाबरलो होतो, इतका की लांबीचा डबा फुकट दिला. फट बुजली, ट्रक भरून गेला. हज्जा जाताना म्हणाली, "राहू दे उस्ता. झुरळांनाही लग्नाला यायचा हक्क आहे."

संध्याकाळी चहाच्या दुकानात रीतसर चौकशी झाली. दोष वीज खात्याचा ठरला. वेळापत्रक पाळत नसतील तर माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? शिवाय यापुढे कोन जुळवताना एका मेहुण्याने हजर राहून वाद घालणे सक्तीचे करण्यात आले.

तुम्ही म्हणाल, आधी बटण बंद करायला काय झाले होते? बरोबर आहे. झाकण भिंतीवर, खटका चिकटवलेला, बोट पात्यावर, हे सगळे तुम्हाला मी सांगितलेच होते. पण दिवे आले तेव्हा तुम्हालाही आधी हायसेच वाटले ना? मुतवल्लीचा हात कुठे आहे, हे करवत ओरडेपर्यंत तुम्ही तरी कुठे पाहिले होते?