वारं सरलं का?

सकाळी आठच्या ठोक्याला बनसोडे सिस्टर पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात शिरायच्या आणि पहिल्या कॉटपासून शेवटच्या कॉटपर्यंत एकच प्रश्न विचारत जायच्या. तोही व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"वारं सरलं का?"

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा वारा सरेपर्यंत त्याच्या तोंडात चहाचा थेंब घालायचा नाही, हा आमचा नियम. आतडी कामाला लागल्याची तीच खूण. मोठे डॉक्टरही राउंडला हेच विचारत, पण इंग्रजीत आणि हळू. बनसोडे सिस्टरना हळू बोलणं जमत नसे. सगळा वॉर्ड त्यांना आक्काच म्हणे. कुणी "व्हय" म्हणालं की त्यांचा चेहरा घरात लग्न ठरल्यासारखा खुलायचा आणि त्या स्वतः चहा आणायला जायच्या.

मी साताऱ्याची. नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन सांगलीच्या त्या इस्पितळात नुकतीच लागले होते. आक्का औंधकडच्या खेड्यातल्या, पन्नाशीच्या, टोपी कायम वाकडी. पण पेशंट मला काही म्हणजे काही सांगत नसत. मी विचारलं की मोठमोठे मिशीवाले गडी छताकडे बघत आणि "आक्का कवा येत्यात?" म्हणत. एकाला जरा खोदून विचारलं, तर त्यानं डोक्यावरून चादरच ओढून घेतली. दहा मिनिटांनी आक्का आल्या, तेव्हा त्याच चादरीतून आवाज आला, "दोनदा."

माझा नुसता जळफळाट व्हायचा. आयुष्यात मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, एखाद्या पेशंटनं आक्कांच्या आधी मला सांगावं. पण मी कॉटजवळ गेले रे गेले की आक्का कोपरानं मला बाजूला सारायच्या. "सर तिकडं. ह्यो माझा पेशंट हाय." वॉर्डातल्या वीसच्या वीस कॉटवर त्यांचेच पेशंट होते.

मग एका सकाळी आक्कांना यायला उशीर झाला. आतड्याचं ऑपरेशन झालेले एक बागवानचाचा होते, तासगावला फळं विकायचे. मी विचारलं आणि ते चक्क लाजत म्हणाले, "हो गया, बाई. सरलं." मला आभाळ ठेंगणं झालं. राउंडला मी डॉक्टरांना सगळ्यांच्या आधी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि चाचांना मी माझ्या हातानं अर्धा कप चहा पाजला.

दुपारी चाचांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ते कण्हायला लागले आणि मी धावत जाऊन आक्कांना बोलावून आणलं. आक्कांनी नाकातून नळी घातली, पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवत बसल्या. चाचांनी कबूल केलं, तेही आक्कांपाशीच. चहावाचून घसा सुकला होता म्हणून खोटं बोललो, म्हणाले. म्हणजे खोटं बोलायला मी आणि खरं सांगायला आक्का. चाचा वाचले याचा आनंद झालाच, पण हे काही माझ्या मनातून जाईना.

आक्का मला रागावल्या नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी फक्त दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले, चाचांच्या पोटावर ठेवले आणि मग कान लावला. "गार हात लावला की माणूस आकसतंय. आनि त्वांडाला इचारू नगंस पोरी, पोटाला इचार."

पुढच्याच वर्षी आक्कांच्या पित्ताशयातले खडे काढायची वेळ आली. मी मेट्रनबाईंकडे हट्ट करून बायकांच्या वॉर्डात ड्यूटी मागून घेतली. सेवाभाव वगैरे काही नव्हता. आक्का स्वतः सांगतील, तेव्हा समोर मीच असायला हवं होतं.

दर तासाला मी विचारायचे, "आक्का, वारं सरलं का?" आक्का डोळे मिटून म्हणायच्या, "न्हाई गं अजून." दोन दिवस गेले, तिसरा उजाडला. कोयनेच्या धरणावर काम करणारा त्यांचा भाऊ येतो म्हणून कळवूनही आला नव्हता. बाकी भेटायला येणारं कुणी नव्हतंच. डॉक्टर काळजीत पडले. मीही.

शेवटी मी तळवे घासले, त्यांच्या पोटावर ठेवले आणि कान लावला. आत पिठाची गिरणी चालू होती.

"आक्का, कधी सरलं?"

आक्का इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "काल सकाळी. सरलं म्हनलं की तू दुसऱ्या कॉटकडं जानार. मी बी तसंच करती न्हवं? आजपतूर किती जनांस्नी इचारलं, पोरी. मला असं हात ठिऊन कुनी इचारलं न्हवतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळा वॉर्ड जिला सगळं सांगतो, तिचा मी एवढा हेवा केला होता. मी चहा आणला आणि म्हटलं, "चहा घ्या. विचारायला मी येतच राहीन."

दोन दिवसांनी ड्यूटीवर आले, तर एक नवी सिस्टर आक्कांच्या पोटावर हात ठेवून तोच प्रश्न विचारत होती. आणि आक्का, हातात मऊभाताची अर्धी संपलेली वाटी धरून, गंभीर चेहऱ्यानं सांगत होत्या, "न्हाई गं अजून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कोपरानं त्या मुलीला बाजूला सारलं.

"सर तिकडं," मी म्हणाले. "ही माझी पेशंट हाय."

आक्कांनी निमूटपणे वाटी माझ्या हातात दिली.