साळींदरबाईंनी टाचलेला धडा

एका जंगलात एक शाळा होती, बाळांनो. फार संस्कारी शाळा. तिथं वाघाचं पोरसुद्धा शिंकलं तर माफी मागायचं.

मुख्याध्यापक होते बगळे सर. ते एका पायावर उभे राहून डोळे मिटायचे, म्हणून सगळे त्यांना सज्जन म्हणत. माशांना विचारायची पद्धत नव्हती.

विज्ञान शिकवायला साळींदरबाई होत्या. विज्ञानाच्या पुस्तकात दहावा धडा होता, 'वयात येताना'. पाळी म्हणजे काय, शरीर कसं बदलतं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, सगळं त्यात होतं. नवी पुस्तकं आली की बाई आपल्या पाठीचा एकेक काटा उपसायच्या आणि प्रत्येक पुस्तकातला तो धडा टाचून टाकायच्या. पाठ ठणकायची. पण संस्कारांसाठी बाई सोसायच्या.

"हा धडा घरी वाचा," त्या म्हणायच्या.

"टाचलेला कसा वाचायचा, बाई?"

"म्हणूनच घरी!"

एकदा पालकसभेत घुबडमावशी म्हणाल्या, "अहो, शिकवा की पोरांना. काय बिघडतंय?"

ससेराव ताडकन उठले. "आम्हाला कुणी शिकवलं होतं? आमचं काही अडलं का?"

ससेरावांना पोरं किती, हे ससेरावांनाही ठाऊक नव्हतं. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

त्याच शाळेत शेवंती नावाची भेकराची पोर होती. उड्या मारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. एका वर्षी तिला पाळी आली. आली ती थांबेचना.

"आई, असं किती दिवस असतं गं?"

"हळू बोल, गोंद्या ऐकेल." गोंद्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिसरीतून शाळा सोडलेला, डोक्यानं तापट. "बाईच्या जातीला हे चालायचंच."

मग तिनं साळींदरबाईंना गाठलं. बाई लाजेनं लाल झाल्या. "अशा गोष्टी शाळेत बोलतात का? जा, लिंबूपाणी पी."

शेवंतीला वाटलं, सगळ्यांना असंच होत असणार. सगळ्या गप्प सोसतात, मग आपणच का रडायचं? पौर्णिमा गेली, अमावास्या गेली. उड्या बंद झाल्या. ओठ पांढरे पडले. एक दिवस ती पाणवठ्यावर कोसळली. गोंद्यानं तिला पाठीवर घेतलं आणि नदीपलीकडे हत्तीण डॉक्टरांकडे धावत नेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सोंड खाली घातली. "अंगात रक्तच उरलं नाही रे. आधी आणली असतीस तर औषधावर भागलं असतं. आठवड्याच्या वर गेलं तर डॉक्टरला दाखवा, हे तुमच्या दहाव्या धड्यात आहे की!"

शेवंतीनं डोळे उघडले. "म्हणजे... सगळ्यांना असं नसतं?"

एवढंच बोलली ती. मग गेली.

शाळेनं शोकसभा घेतली. बगळे सर गहिवरले. "फार गुणी मुलगी. वर्गात कधी एक वावगा प्रश्न विचारला नाही." साळींदरबाई रडल्या. अगदी खरं रडल्या. मग दोन मिनिटं शांतता सुरू झाली.

गोंद्याला राहवेना. त्यानं शेवंतीचं पुस्तक उचललं, दातानं काटा उपटला आणि अडखळत मोठ्यानं वाचू लागला. "मा... मासिक... पा... पाळी..."

"अरे, लेकरं आहेत इथं!" ससेराव किंचाळले.

सगळ्या आयांनी पोरांचे कान झाकले. सशांचे कान झाकायला वेळ लागला. तेवढ्यात गोंद्यानं आठवड्याची ती ओळ पुरी केली. ससेरावांच्या एका पोरीनं ती ऐकली. तिचा चेहरा उतरला.

"आई, मला तर..."

"चूप!"

गोंद्याला फरफटत कुंपणाबाहेर काढलं. बाहेरूनही तो ओरडत होता, म्हणून फाटक लावून घेतलं. बगळे सरांनी खंत व्यक्त केली, की शांतता मध्येच मोडली. मग सगळे पुन्हा उभे राहिले आणि ती नव्यानं पाळली. या खेपेला ससेरावांची पोरही एकदम गप्प होती.

तात्पर्य : ज्ञानानं पोरं बिघडतात, बाळांनो. अज्ञानानं फक्त मरतात. बिघडलेल्या पोरीला जन्मभर सांभाळावं लागतं. मेलेलीला दोन मिनिटं पुरतात.