वत्सलाताईंना काय हवंय

आमच्या राजेंद्र नगरच्या चौकात, पोह्यांच्या ठेल्यापुढे सकाळी साडेसातला सत्तर वर्षांच्या एक बाई डोळे मिटून उभ्या राहतात आणि स्वतःलाच मोठ्याने विचारतात, "वत्सला, तुला काय हवंय?"

मग थांबतात. उत्तर यायला कधी दहा सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. तोवर पोहेवाल्याचा हात हवेत आणि मागे रांग.

"आंटीजी, बोलो नी," तो काकुळतीला येतो. "पीछे भिया लोगों को ऑफिस जाना है."

"जाएंगे ऑफिस. मैं चालीस साल रुकी, वो दो मिनिट नहीं रुक सकते?"

शेवटी निकाल लागतो. "शेव जास्त. कांदा नको. जलेबी आज नाही." कधी निकाल असा असतो की आज काहीच नको, आणि बाई रिकाम्या हाताने पण ताठ मानेने घरी येतात.

ईरा, निहाल, माझ्या नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यावरून डोकावून ज्यांनी निहालला "तू सात नंबर आहेस, एका वेळी एकच पदार्थ खात जा" असं सुनावलं, त्या ह्याच. त्या कोण, असं तुम्ही विचारलंत आणि तेवढ्यात नेट गेलं. म्हणून आता लिहून सांगते.

वत्सलाताई एकतीस वर्षं माझ्या शेजारी आहेत. पहिली तीस वर्षं त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं एक वाक्य होतं, "मला काही पण चालेल." चहा की कॉफी? काही पण चालेल. पंखा लावू की नको? काही पण. यजमान गेले, मुलगा अनिकेत लग्नानंतर विजय नगरला फ्लॅटमध्ये राहायला गेला, तेव्हाही बाई म्हणाल्या, चालेल.

मग गेल्या वर्षी भजनी मंडळातल्या कुणीतरी त्यांना राऊजवळच्या एका आश्रमात तीन दिवसांच्या शिबिराला नेलं. तिथे शिकवतात की माणसाच्या आत्म्याला नऊपैकी एक स्वभाव चिकटलेला असतो. तो ओळखला की सुटका. एक वर्तुळ, त्यावर नऊ टोकं, प्रत्येकाला नंबर. वत्सलाताईंचा निघाला नऊ. नऊ नंबर म्हणजे भांडण नको म्हणून स्वतःची इच्छाच विसरून गेलेला माणूस.

शिबिरात जेवणाबद्दल एक अक्षरही नव्हतं. हे मी त्यांची शिबिरातली वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून सांगते आहे. पण वत्सलाताईंनी तो वर्तुळाचा कागद आणून थेट फ्रिजवर चिकटवला. त्यांचं म्हणणं, आत्मा ध्यानात सापडत असेल तर सापडो, पण बाईमाणसाचा आधी ताटात हरवतो, तर तिथेच शोधायचा.

त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी सुटलं नाही. चार नंबरवाल्याने घरातल्यांसाठी केलेली भाजीच जेवायची, माझ्यासाठी वेगळं म्हणायचं नाही. पाच नंबरवाल्याने लोणच्याच्या बरण्या साठवायच्या नाहीत, उघडायच्या. आठ नंबरवाल्याने हिरवी मिरची सोडायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांचं ब्लडप्रेशर तपासत होते, तर त्यांनाच म्हणाल्या, "तुम्ही तीन नंबर. उभ्याने डबा खाता ना? बसून खात जा, बीपी तुमचंच वाढलेलं असेल." डॉक्टर पुन्हा मशीनकडे वळले. उभ्यानेच खात असणार.

मी एक नंबर. एक नंबर म्हणजे जगातली प्रत्येक चूक दिसणारा आणि ती दुरुस्त केल्याशिवाय झोप न येणारा माणूस. "शैलाताई, तुमच्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या आहेत, त्यांवर तारखासुद्धा आहेत. तुम्ही जेवत नाही हो, तुम्ही तपासणी करता." माझ्यासाठी पथ्य असं की आठवड्यातून एकदा आंबा सिंकवर वाकून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायचा. मी म्हटलं, तारखा असतात म्हणून माझ्या घरात कुणाला बुरशी खावी लागत नाही. मी आंबा फोडी करून काट्यानेच खाते. मतभेद आहेत ते आहेतच.

पण एक मान्य केलं पाहिजे. बाई हसण्यावारी नेण्यासारख्या राहिल्या नाहीत. हळदीकुंकवाला दूध नाकारलं. लग्नाच्या पंगतीत "घ्या हो थोडं" म्हणणाऱ्या यजमानीणबाईंना सांगितलं, "मला विचारू द्या आधी." कुणाला विचारायचं आहे, हे कळायला त्या बिचारीला वेळ लागला.

मग आला सत्तरावा वाढदिवस. विजय नगरला अनिकेतकडे जेवण होतं. वत्सलाताईंनी मलाही नेलं. सून ऋचा पुण्याची, आयटीत नोकरी करते, मनाने चांगली. तिने सुट्टी घेऊन दिवसभर खपून स्वयंपाक केला होता. ताटावरचं झाकण काढून म्हणाली, "आई, सरप्राइज! तुमच्या आवडीची भरली कारली."

मी वत्सलाताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"आईला कारलं म्हणजे जीव की प्राण," अनिकेत मला सांगू लागला. "मावशी, लहानपणी आम्ही कुणी तोंड लावायचो नाही, आई एकटी आख्खी कढई संपवायची."

"नको," वत्सलाताई म्हणाल्या.

"अगं, तुझ्यासाठीच केलंय."

"ऋचा, तू कष्टाने केलंस, तुला आशीर्वाद. पण मला कारलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही. तुझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी खायला सांगितलं म्हणून मी करायची, ते एक फोड खायचे, हा तीही नाही. उरलेलं टाकवत नव्हतं, म्हणून मी खायची."

ऋचाचा चेहरा उतरला. अनिकेत चिडला. "आई, ये क्या नया चालू किया? शिबिरातलं खूळ घरात कशाला? चाळीस वर्षं खाल्लंस ना? एक दिवस तिच्यासाठी नाही खाता येत?"

"एक दिवस, एक दिवस करतच चाळीस वर्षं झाली रे."

"बरं. मग काय आवडतं तुला? सांग. आत्ता मागवतो."

सगळे थांबले. वत्सलाताईंनी पुन्हा डोळे मिटले. मी घड्याळ पाहणारी बाई आहे, चार मिनिटं गेली. त्यांचे ओठ हलत होते. वरण नाही, भात नाही, एकेक पदार्थ आतल्या आत बाजूला सारत असाव्यात. शेवटी डोळे उघडून त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." आणि नुसता दहीभात कालवून जेवल्या. तोही त्यांना आवडला असं दिसलं नाही.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. मी आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या, एका भाजीचं काय एवढं?"

"शैलाताई, ह्यांच्या श्राद्धाला मी पान कशी वाढते, पाहिलंय ना तुम्ही?"

पाहिलं होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं त्या दिवशी पानावर वाढायचं असतं. अळूवडी, बासुंदी, त्यांच्या यजमानांना लागायची तशी लसणाशिवायची आमटी. वत्सलाताई एकही गोष्ट चुकवत नाहीत.

"माझं पान वाढायची वेळ येईल तेव्हा अनिकेत काय वाढेल?" त्या म्हणाल्या. "अगदी प्रेमाने, आठवणीने, कारलं वाढेल हो. दर वर्षी."

मला हसू आलं, आणि ते पुरतं यायच्या आत थांबलं. कारण त्यांना काय आवडतं, हे एकतीस वर्षं शेजारी राहून मलाही सांगता आलं नसतं. मी विचारायची. त्या चालेल म्हणायच्या. मी पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. साक्षीदार हवा म्हणाल्या. अनिकेतला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो ऑफिसच्या वाटेवर होता, मागे हॉर्न वाजत होते.

"अनिकेत, गाडी बाजूला घे आणि लिहून घे."

"आई, कालचं सॉरी. मी उगाच..."

"सॉरी नंतर. लिही. माझ्या श्राद्धाच्या पानावर कारलं नको."

हॉर्न थांबले, गाडी बाजूला लागली असावी.

"आई, सकाळी सकाळी हे काय बोलतेस?"

"लिहिलंस?"

"लिहिलं. आणि मग काय वाढायचं?"

"ते अजून ठरलेलं नाही. रोज विचारते आहे. एकेक कळेल तसं सांगीन. आणि यादी पुरी होईपर्यंत मी कुठेही जाणार नाही, हेही लिही."

वत्सलाताई फोन बंद करायला बटण दाबणार, इतक्यात अनिकेत बोलला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "सावकाश ठरव."