व्हेलीइटी मंजूर

सरकारी कार्यालयाला मन नसतं, हा गैरसमज आहे. मन असतं, ते फक्त जावक क्रमांक पडल्याशिवाय बाहेर येत नाही.

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच दैवशालाबाई यांना ते बाराव्या अर्जानंतर दिसलं. गाव आणि शाळेच्या मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात पोरी शाळेत जात नाहीत (हजेरीपटावर जातात). मागच्या वर्षी त्यांची पुतणी आकांक्षा वाहून जाता जाता वाचली. तेव्हापासून बाई ओढ्यावर सिमेंटच्या नळ्यांचा पूल मागत होत्या. जालन्याच्या कार्यालयातून उत्तर आलं : "सदर पुलाबाबत या कार्यालयाची तीव्र व्हेलीइटी आहे."

शब्द इंग्रजी होता, त्यामुळे काम झालं यात कुणाला शंका उरली नाही. ग्रामसेवक रामप्रसाद यांनी फोड करून दिली. "क्वालिटी, सिक्युरिटी, इलेक्ट्रिसिटी. ज्याच्या मागं 'इटी' लागती, त्याला निधी असतोच, बाई."

"आन् पुढचं व्हेली?"

"व्हॅली म्हंजी दरी. आपला ओढा!"

शास्त्र बराबर जुळलं. चौकात फलक लागला : 'व्हेलीइटी मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यावर एकवीस फोटो होते (पैकी सतरा जणांनी अर्जावर सही करायला वेळ नसल्याचं कळवलं होतं).

किराणावाले सुरजमलशेठ यांची नात चंचल इंग्रजीत एम. ए. करते. सुट्टीत आली, फलक वाचला आणि थेट सरपंचांच्या घरी गेली.

"मावशी, शब्द खरा आहे. लॅटिनमध्ये 'व्हेले' म्हणजे इच्छा असणं. त्याला 'इटी' जोडून नाम केलंय. पण अर्थ असा, की एखादी गोष्ट व्हावी असं वाटतं, मात्र त्यासाठी जागेवरून उठावं इतकं वाटत नाही."

दैवशालाबाईंनी उत्तराचा कागद पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या जालन्याला गेल्या. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, बाकीचे लिहितात 'कार्यवाही चालू आहे'. आम्ही खरं लिहिलं. इतकं प्रामाणिक उत्तर याआधी कुणी दिलं होतं का?"

बाईंनी आधीचे अकरा कागद आठवून पाहिले. न्हाई, कुणीच दिलं नव्हतं.

"मंग त्यात 'तीव्र' कशाला, साहेब?"

"ते मसुद्यात छापलेलंच असतं."

बाई परतल्या त्या संतापूनच. ग्रामसभेत उभ्या राहिल्या. "सरकार करत न्हाई, तर आपण करू. सुरजमलशेठ सहा नळे देऊन राह्यले. रविवारी सकाळी सातला फावडं घेऊन कोण कोण येतंय?"

दोनशे चौदा हात वर झाले. काहींनी दोन्ही केले, ते धरलेले नाहीत.

रविवारी ओढ्यावर नऊ जण होते. त्यातले दोघं म्हशी घेऊन चालले होते आणि एकाला फोटो काढायचा होता. दुपारी माणसं पांगली, तोवर पाच नळे बसले आणि दैवशालाबाईंच्या तळहातांची सालटं निघाली. फोटो मात्र जिल्हाभर फिरला. बावीसशे अंगठे आले; खाली 'ताई, सलाम' आणि 'आपणही काहीतरी केलं पाहिजे'.

संध्याकाळी हाताला हळद लावून बाईंनी एकेक नाव वाचलं. वाचकहो, त्यात आपलंही होतं. बाईंना बरं वाटलं.

सहावा नळा अजून काठावर पडून आहे. उचलायला चार माणसं लागतात.