दाऊदभाईंचा पेला

आमच्या जेद्दाच्या हॉस्पिटलात कोणी गाडी घ्यायला निघालं, की दाऊदभाई स्टीलचा पेला घेऊन त्याच्याबरोबर जायचे. पेला घरून आणलेला, कडेला पोचा पडलेला. शोरूममध्ये पोचले की ते तो काठोकाठ भरून घ्यायचे, गाडीच्या मागच्या सीटवर बसायचे, पेला मांडीवर धरायचे आणि अरबीत "यल्ला" म्हणायचे, म्हणजे निघा. फेरी संपली की उतरून आपली पँट बघायचे. गुडघ्यापर्यंत भिजली असेल तर गाडी नापास. शोरूममधली फिलिपिनो मुलगी सभ्यपणे दुसरीकडे बघायची, आणि गाडी घेणारा ओशाळून तिला हे पाणीच असल्याचं समजावत राहायचा.

गाडी चालवायला कशी आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कोणी इंजिनाचं, पडद्याचं, कॅमेऱ्यांचं कौतुक सांगायला लागला की ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मागे बसून बघितलंस काय?"

हा प्रश्न ते कशालाही लावत. फार्मसीतल्या शिंद्यांनी मुलीचं लग्न ठरवलं. मुलगा शिकलेला, पुण्यात घर, सगळं सांगून झाल्यावर दाऊदभाईंनी विचारलं, "मागे बसून बघितलंस काय?" शिंदे दोन दिवस त्याचा अर्थ लावत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या आईशी पुन्हा एकदा नीट बोलायचं ठरवलं.

दाऊदभाई आमच्या स्टाफ-बसचे ड्रायव्हर. गाव दापोलीजवळ, खाडीच्या काठावर. सौदीत सव्वीस वर्षं झालेली, त्यातली एकोणीस याच बसवर. उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, आणि शर्टाच्या खिशात कायम एक लिंबू. ते लिंबू कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. मी मूळचा कराडचा, एक्स-रे विभागात टेक्निशियन. पण दाऊदभाई मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत. मी तीन वेळा दुरुस्ती केली, पण माणसाच्या आतलं जो बघतो तो डॉक्टरच, असं त्यांचं म्हणणं. मग मी नाद सोडला. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

वेळेच्या बाबतीत मात्र माणूस कडवा. पावणेसहाला बसचं दार बंद. एकदा खुद्द मुख्य नर्सबाई एका हातात डबा, एका हातात बूट घेऊन धावत येत होत्या. दाऊदभाईंनी त्यांना आरशात पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि बस काढली. सिग्नल, वळणं, गतिरोधक यांना फारशी दाद न देता ते आम्हाला सहाला पाच कमी असताना गेटात उतरवत. मला लहानपणापासून गाडी लागते. त्यामुळे मी पहिल्या सीटवर, खिडकी उघडी ठेवून, समोर नजर लावून बसायचो. दाऊदभाईंनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. त्याचा उपयोग ते पुढे काय करणार आहेत, याची मला कल्पना नव्हती.

जेद्दातल्या या पेला-परीक्षा म्हणजे नुसता सराव होता. कारण दाऊदभाईंच्या लेखी गाडी म्हणजे डिझेल, आणि इथल्या घरगुती गाड्या बहुतेक पेट्रोलच्या. पेट्रोलच्या गाडीला ते गाडीच म्हणत नसत, "सामान" म्हणत. डिझेलचा चढावर दम टिकतो, उठसूट गिअर पाडावा लागत नाही, आणि गिअर पडला नाही की मागच्या माणसाला हिसका बसत नाही, असा त्यांचा सिद्धांत. खरी परीक्षा गावाकडे चालू होती. वय साठाला टेकलं होतं, इकाम्याचं, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण आता होणार नव्हतं, फायनल एक्झिटचा शिक्का लागून कायमचं परतायचं हे ठरलेलं. त्याआधी त्यांना एक डिझेलची फॅमिली गाडी पसंत करून ठेवायची होती. पहिली आणि शेवटची. घरी उतरलो की ती दारात पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यासाठी दर शुक्रवारी सकाळी त्यांचा धाकटा भाऊ हनीफ, वय बावन्न, खेडमध्ये कपड्याचं दुकान, ते बंद ठेवून चिपळूणला जायचा. त्याच्याकडे तसाच दुसरा पेला होता. तो मागच्या सीटवर पेला ठेवायचा, समोर रुमालानं फोन बांधायचा, व्हिडिओ कॉल लावायचा आणि शोरूमच्या माणसाला गाडी चालवायला सांगायचा. इकडे कँटीनमध्ये दाऊदभाई फोन मिठाच्या डबीला टेकवून बसत. भोवती आम्ही. वीस-वीस मिनिटं आम्ही एका पेल्यातलं पाणी बघत असू, क्रिकेटची मॅच बघावी तसं. थेंब सांडला की केरळच्या नर्सासुद्धा हळहळत.

शर्यतीत तीन गाड्या उरल्या होत्या. त्यांची खरी नावं दाऊदभाईंना आवडत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः ठेवली होती. पहिली "हवालदार". वळणावर ताठ, पण खड्डा आला की अंगावर येते. दुसरी "नवी नवरी". पहिला अर्धा तास गोड, मग डोलायला लागते, आणि डोलणारी गाडी सगळ्यात वाईट. तिसरी "मामी". सुरू होताना भरपूर कुरकुरते, पण एकदा निघाली की कोणाला त्रास देत नाही. मी म्हणायचो, मामी घ्या आणि मोकळे व्हा. ते मान हलवायचे. पेला अजून बोलत नाही, म्हणायचे.

मागच्या रजेत ते स्वतः चिपळूणला जाऊन आले होते. ती हकीकत त्यांनी आम्हाला सांगितली नाही, हनीफनं फोनवर सांगितली. दाऊदभाई ऐटीत गेले, सौदीच्या सवयीनं मामीचं डावीकडचं दार उघडून बसले आणि स्टीअरिंग शोधू लागले. शोरूमच्या मुलानं अदबीनं दुसरं दार उघडून दिलं. मग प्रत्येक वळणाला सिग्नलच्या ऐवजी वायपर सुरू. ऐन उन्हाळ्यात काच पुसत पुसत ते गेटाबाहेर पडले ते थेट रस्त्याच्या उजव्या बाजूला. समोरून एसटी आली. मुलगा म्हणाला, चाचा, आपण पायी फिरून येऊ या का. तेव्हापासून त्या शोरूममध्ये परीक्षा फक्त हनीफनं घ्यायची असं ठरलं होतं.

जायला दोन महिने उरले आणि गाडी ठरेना. दाऊदभाई जेवेनासे झाले. फोनवरची परीक्षा खोटी, असं त्यांच्या मनानं घेतलं. पाणी सांडतं ते दिसतं, पण माणसाला काय होतं ते कुठे दिसतं? एका गुरुवारी ते माझ्याकडे आले. एका हैदराबादी कंत्राटदाराकडे डिझेलवर चालणारी सात सीटांची गाडी निघाली होती, बांधणीनं मामीची सख्खी बहीण. उद्या ताईफला जाऊ, ते म्हणाले, थंड हवा, गुलाबाच्या बागा. मी भोळेपणानं हो म्हटलं. माझी बायको सुनंदा तेवढी म्हणाली, हा माणूस तुम्हाला बागा दाखवायला नेतोय असं वाटत नाही मला.

मी हिंदू म्हणून मक्केच्या बाहेरून जाणारा लांबचा रस्ता घ्यावा लागला. त्याबद्दल दाऊदभाई कुरकुरले नाहीत. हदाचा घाट सुरू व्हायच्या आधी त्यांनी गाडी थांबवली, मला पुढून उठवून मागे बसवलं, पेला भरून माझ्या हातात दिला, आणि खिडकी बंद ठेवायला सांगितलं. मग पावणेसहाची बस चालवतात तशी त्यांनी गाडी घाटात घातली.

हदाचा घाट डोंगराला वेटोळे घालत वर जातो. चौथ्या वळणाला अर्धा पेला माझ्या शर्टावर आला. सातव्याला मी डोळे मिटले. पुढचं कितव्या वळणावर झालं ते मला मोजता आलं नाही. दाऊदभाईंनी गाडी बाजूला घेतली, मी दार उघडून खाली वाकलो आणि सकाळचे पोहे सौदी अरेबियाला अर्पण केले.

ते शेजारी उभे राहून विचारत होते, आधी तोंडाला पाणी सुटलं की आधी डोकं जड झालं? वळणावर झालं की ब्रेकवर? मी भडकलो. म्हटलं, दाऊदभाई, तुमच्या गाडीसाठी माझं पोट कशाला? तुमचं काय चाललंय काय?

त्यांनी खिशातलं लिंबू काढून माझ्या हातात ठेवलं आणि कठड्यावर बसले. थोड्या अंतरावर माकडांची टोळी आमच्याकडे बघत होती.

"जुबेदाला लागते," ते म्हणाले. "तुझ्यासारखीच."

जुबेदा म्हणजे त्यांची बायको. एवढ्या वर्षांत तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. दाऊदभाई पहिल्यांदा सौदीला निघाले तेव्हा ती त्यांना सोडायला मुंबईपर्यंत आली होती. जीपमध्ये अकरा माणसं, कशेडीचा घाट, आणि ती सगळ्यात मागे. पोलादपूरपासून विमानतळापर्यंत तिला उलट्या झाल्या. जीपमधले काही हसले, काही करवादले. दाऊदभाई पुढे बसले होते, मोठ्या माणसांच्यात. लाजेनं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मुंबईला पोचल्यावर तिला मान वर करायची ताकद नव्हती. ते आत गेले.

"तोंड बघायचं राहिलं तिचं. दोन वर्षं मना तिची खाली घातलेली मानच दिसायची."

त्यानंतर ती कुठल्याही गाडीत बसली नाही. तेरा रजा झाल्या, तेरा वेळा तिनं दारातून निरोप दिला. मुलगी पुण्याला दिली, तिला दोन मुलं झाली. जुबेदानं लेकीचं घर अजून पाहिलेलं नव्हतं.

"सव्वीस वर्षं मी दुनियेला पोचवतोय, डॉक्टर. घरच्या माणसाला एकदा लेकीकडे न्यायचंय. न सांडता."

लिंबू मी कठड्यावर ठेवलं होतं, ते एका माकडानं उचलून नेलं. त्या लिंबाचा त्यांनी इतकी वर्षं कोणाच्या आठवणीनं सांभाळ केला होता, हे आता कळलं होतं, आणि मला माझ्या रागाची लाज वाटली.

उतरताना मी पुन्हा मागेच बसलो, स्वतःहून. पण दाऊदभाई मघाचे राहिले नव्हते. वळण दिसलं की लांबूनच वेग कमी करत, ब्रेकवर पाय टेकवल्यासारखा ठेवत. ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले, एक उंट भरलेली गाडीसुद्धा पुढे गेली. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पायथ्याशी पोचलो तेव्हा पेला भरलेला होता आणि मला चक्क भूक लागली होती.

"दाऊदभाई," मी म्हटलं, "गाडी तीच आहे. घाट तोच, पोट तेच."

त्यांनी मागे वळून भरलेला पेला पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस नापास होत होता तो चालवणारा? आणि आज मी?"

मी म्हटलं, चढताना नापास, उतरताना पास.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हनीफला मामी बुक करायला सांगितली. आणि शेवटचे दोन महिने आमच्या बसच्या डॅशबोर्डवर पेला आला. बस अशी चालायची की मागचे लोक घोरत. आम्ही रोज दहा मिनिटं उशिरा पोचत होतो आणि मुख्य नर्सबाईंसाठी दारसुद्धा थांबत होतं. तक्रार कोणीच केली नाही. निरोपाच्या दिवशी नर्सबाईंनी त्यांना पेला ठेवायला लोकरीची पिशवी विणून दिली.

जाऊन तीन आठवडे झाले तरी त्यांचा काही निरोप नव्हता. सुनंदा रोज विचारायची, बसल्या का हो त्या गाडीत? मग एका शुक्रवारी दुपारी फोटो आला. ताम्हिणी घाट, रस्त्याच्या कडेला मामी उभी, सगळी दारं उघडी. स्टीअरिंगवर हनीफ. मागच्या सीटवर हिरव्या ओढणीतली एक ठेंगणी बाई, चेहरा पांढराफटक, पण मान वर, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. आणि तिच्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन, अवघडून बसलेले दाऊदभाई.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, एवढा दोन महिने सराव केलात आणि चालवायला हनीफ?

"ती ऐकेना," ते म्हणाले. "म्हणाली, तुम्ही पुढे बसलात की मना तुमची पाठच दिसणार. सव्वीस वर्षं पाठच बघितली."

मी विचारलं, त्रास झाला का?

"दोनदा झाला. पण ह्या वेळी पाठीवर हात फिरवायला मी होतो. पेला पण कामाला आला. चूळ भरायला."

मागून बाईमाणसाचा आवाज आला, फोन ठेवा आणि चला, पोरं वाट बघतायत. दाऊदभाई हो हो म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मग हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "डॉक्टर, आज खरं मागे बसून बघितलं. तिला मागे ठेवून मी आयुष्यभर पुढेच बसलो रे."